पोलिसांचा रेडिओ: किल्ली कोणाच्या हाती?

२०२३ सालच्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागात जी घटना घडली, तिची दखल आपल्याकडील वृत्तपत्रांनी घेण्याचे काही कारण नव्हते. तेथे स्फोट झाला नाही, दंगल उसळली नाही की कोणा मंत्र्याने राजीनामा दिला नाही. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत, हौशी श्रोत्यांच्या घरांत आणि स्वयंसेवी रुग्णवाहिकांच्या ठाण्यांवर अहोरात्र ऐकू येणारे पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवरचे संभाषण काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीपुरते एकाएकी ऐकू येईनासे झाले, एवढेच. पोलीस पूर्वीप्रमाणे बोलतच होते. नियंत्रण कक्ष गस्ती मोटारींना पत्ते सांगत होता, मोटारी आपला ठावठिकाणा कळवीत होत्या. परंतु हे बोलणे आता संकेतबद्ध झाले होते. ज्याच्या यंत्रात संकेताची किल्ली आहे, त्यालाच ते उलगडणार. इतरांच्या कानी केवळ खरखर.

जुनी यंत्रणा मोडीत काढून नवी अंकीय यंत्रणा उभारण्याची सुमारे ३९ कोटी डॉलरांची योजना न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने आखली होती, आणि संभाषण संकेतबद्ध करणे हा तिचाच एक भाग होता. या वाटेने जाणारे न्यूयॉर्क हे पहिले शहर नव्हे. राजधानी वॉशिंग्टनच्या पोलिसांनी २०११ मध्ये, लास व्हेगासच्या पोलिसांनी २०१८ मध्ये आणि डेन्व्हरच्या पोलिसांनी २०१९ मध्ये हेच केले. शिकागोने २०२२ मध्ये आपले संभाषण बंद करताना जनतेला ते तीस मिनिटे उशिरा ऐकवण्याची सोय ठेवली. बाल्टिमोरने २०२३ मध्ये हा अवधी पंधरा मिनिटांचा ठेवला.

येथल्या शिक्षकाला, कारकुनाला किंवा विद्यार्थ्याला सहज वाटेल, की न्यूयॉर्कच्या पोलिसांनी उघड बोलावे की गुपचूप, याच्याशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. राज्यसंस्थेच्या सर्वांत बलवान हाताचे काम चालू असतानाच नागरिकाने ऐकावे काय, हा प्रश्न कोणत्याही लोकशाहीला टाळता येणारा नाही. शिवाय २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपण एकाच वेळी अनुभवल्या आहेत. तिकडे वळण्यापूर्वी अमेरिकेतील ही परंपरा कशी निर्माण झाली, हे पाहणे अगत्याचे आहे.

ऐकण्याची परंपरा

पोलिसांनी रेडिओचा नियमित उपयोग करण्यास प्रारंभ केला तो डेट्रॉइट शहरात, १९२८ साली. ही व्यवस्था एकतर्फी होती. केंद्रातून संदेश प्रक्षेपित होई आणि मोटारीतील शिपाई तो ऐकत असे. उलट बोलण्याची सोय नव्हती. ती न्यू जर्सी राज्यातील बेयॉन या गावी १९३३ मध्ये झाली. प्रारंभीच्या या पोलिसी लहरी सामान्य प्रक्षेपणाच्या पट्ट्याला लागूनच होत्या. त्यामुळे १९३० च्या दशकात अमेरिकेतील अनेक घरगुती रेडिओसंचांच्या तबकडीवर संगीत आणि बातम्यांच्या केंद्रांशेजारी ‘पोलीस’ असा स्वतंत्र पट्टाच छापलेला असे. रात्रीचे जेवण उरकून कुटुंबाने बसावे आणि आपल्या गावचे पोलीस कोठे निघाले आहेत ते ऐकावे, यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

वृत्तपत्रसृष्टीने या संधीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. ‘वीजी’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या आर्थर फेलिग या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराने १९३८ साली आपल्या मोटारीत पोलिसी लहरी ऐकणारा रेडिओ बसवण्याचा परवाना मिळवला. तो घटनास्थळी इतक्या तत्परतेने पोहोचे, की त्याला भविष्य कळते असा विनोद रूढ झाला. पुढे स्कॅनर नावाचे यंत्र आले. अनेक लहरी क्रमाने चाळीत जाऊन जिच्यावर बोलणे चालू असेल तिच्यावर थांबणारे हे यंत्र अमेरिकेतील प्रत्येक वृत्तपत्र कचेरीत शहरवार्ता विभागाच्या टेबलावर असे. ब्रुकलिनच्याच बेडफर्ड-स्टायव्हेसंट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत रहिवाशांनी १९८८ साली उभारलेले स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकही हे संभाषण ऐकून जखमींकडे धावत असे. अलीकडे हेच संभाषण इंटरनेटमार्गे भ्रमणध्वनीवर कोणालाही, कोठूनही ऐकता येऊ लागले.

कायद्यानेही या परंपरेस मान्यता दिली होती. इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या गुप्ततेविषयी अमेरिकन काँग्रेसने १९८६ मध्ये केलेल्या कायद्यात पोलीस व अग्निशामक दलांचे जे संदेश जनतेला सहज ऐकता येण्याजोगे आहेत, ते ऐकणे गुन्हा नाही अशी स्पष्ट तरतूद आहे. मात्र जे संदेश संकेतबद्ध आहेत ते ‘सहज ऐकता येण्याजोगे’ मानले जात नाहीत. याचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. ऐकण्याची मुभा कायद्याने दिली खरी, पण ती पोलिसांनी कुलूप लावेपर्यंतच. कायद्याचे एक अक्षरही न बदलता, केवळ यंत्रखरेदीच्या एका निर्णयाने ती नाहीशी करता येते. न्यूयॉर्कमध्ये नेमके हेच घडले. संभाषण बंद होऊ लागले जुलै २०२३ मध्ये आणि नगर परिषदेने त्यासंबंधी सुनावणी घेतली नोव्हेंबरमध्ये. आधी खरेदी, मग चर्चा.

इंग्लंडची रीत याच्या अगदी उलट. तेथे पोलिसांचे संदेश चोरून ऐकणे हा पूर्वीपासूनच गुन्हा होता आणि २००५ पर्यंत तेथील सर्व पोलीस दले संकेतबद्ध यंत्रणेवर गेली. त्याविषयी फारशी खळबळ झाली नाही. आपण कायदा घेतला तो इंग्रजांकडून. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरवला. घरातल्या साध्या रेडिओसाठीही टपाल कचेरीत जाऊन दरवर्षी परवाना काढावा लागे, हे आपल्या वडील पिढीला आठवत असेल. तो परवाना १९८० च्या दशकात गेला आणि १९३३ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार कायदा झाला. परंतु पोलिसांच्या लहरींवर नागरिकाचा काही हक्क असू शकतो, ही कल्पना आपल्या कायद्याने कधी मनात आणलीच नाही. आपल्याकडचा गुन्हेवार्ताहर अधिकाऱ्यांच्या दूरध्वनीवर आणि त्यांच्या मर्जीवर अवलंबून असतो. अमेरिकेत बंद होत चाललेले दार आपल्याकडे मुळात उघडेच नव्हते.

दीपगृहाचा दाखला

अर्थशास्त्राच्या वर्गात सार्वजनिक वस्तू म्हणजे काय हे समजावताना दीपगृहाचा दाखला देण्याची जुनी पद्धत आहे. दीपगृहाचा प्रकाश एका जहाजाने पाहिला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा कमी होत नाही, आणि पैसे न देणाऱ्या जहाजाला तो दिसू नये अशी सोयही करता येत नाही. पोलिसांचा खुला रेडिओ हे अशा वस्तूचे उत्तम उदाहरण. संदेश एकाने ऐकला काय किंवा एक लाख लोकांनी ऐकला काय, करदात्यावर एका पैचाही अधिक भार पडत नाही. गस्ती मोटारीसाठी प्रक्षेपित झालेला आवाज वार्ताहराच्या, शेजाऱ्याच्या, रुग्णवाहिकेच्या कानी अनायासे पडतो.

परंतु एखादी वस्तू सार्वजनिक असणे हे सर्वस्वी तिच्या निसर्गदत्त स्वरूपावर अवलंबून नसते. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली दीपगृहांवरच एक प्रसिद्ध निबंध लिहिला. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ खासगी मंडळींनी दीपगृहे चालवली आणि त्यांचे शुल्क बंदरात शिरणाऱ्या जहाजांकडून वसूल केले, हे त्याने दाखवून दिले. कोणाला वगळायचे आणि कोणाला नाही, हे तंत्र आणि कायदा मिळून ठरवतात. संकेताची किल्ली हे असे वगळण्याचे तंत्र आहे. तिच्यामुळे सार्वजनिक वस्तूचे रूपांतर सभासदांपुरत्या वस्तूत होते. आणि हे साधण्यासाठी खर्च करावा लागतो, हे विसरून चालणार नाही. पूर्वी फुकट मिळणारी वस्तू मिळू नये म्हणून करदाता आता पदरचे पैसे मोजतो.

तरीही दीपगृहाचा दाखला एका ठिकाणी अपुरा पडतो. दीपगृहाचा प्रकाश खडक कोठे आहे ते सांगतो. दीपगृहाचा रखवालदार जागा आहे की झोपला आहे, हे सांगण्यासाठी तो नसतो. पोलिसांच्या रेडिओचे तसे नाही. गावात काय घडले, याच्याबरोबरच पोलीस किती वेळात पोहोचले, कोणत्या वस्तीतील हाकेला आधी ओ दिली, सहकाऱ्यांशी आणि नागरिकांविषयी कोणत्या भाषेत बोलले, हेही तो सांगतो. मालकाला नोकराच्या कामाची जेवढी माहिती असते त्याहून नोकराला स्वतःच्या कामाची अधिक असते. माहितीतील ही विषमता अर्थशास्त्राला चांगली परिचित आहे. लोकशाहीत मालक नागरिक आहे. पोलिसांचा खुला रेडिओ ही विषमता थोडी तरी कमी करीत होता, आणि तीही कोणाकडे अर्ज न करता.

कचेरीत काम करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आवक-जावक नोंदवही सर्वांसमोर टेबलावर असली म्हणजे तारीख मागे घालून पत्र चढवण्याची हिंमत सहसा कोणी करीत नाही. तीच नोंदवही ज्याच्या कामाची तपासणी व्हायची त्याच्या कपाटात गेली, म्हणजे ती खोटी होतेच असे नाही. पण ती खरी आहे यावर विसंबण्याचे कारणही उरत नाही.

ऐकले जात असल्याची जाणीव वर्तनावर कसा परिणाम करते, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्कमध्ये निदर्शने चालू असताना पोलिसांच्या खुल्या लहरीवर निदर्शकांवर गाडी घालण्याची, गोळ्या झाडण्याची भाषा ऐकू आली. त्यावर दुसऱ्या एका आवाजाने हे हवेवर बोलू नये अशी समज दिल्याचेही श्रोत्यांनी ऐकले. त्या समजेत विवेक किती आणि सावधपणा किती, कोण जाणे. परंतु जनता ऐकत आहे याचे भान तिच्यात निश्चित होते. उलट १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग यास केलेल्या मारहाणीनंतर वॉरन ख्रिस्टोफर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. गस्ती मोटारींतील संगणकांवरून पोलिसांनी परस्परांना धाडलेले, बाहेरच्यांना न दिसणारे संदेश या आयोगाने तपासले, तेव्हा त्यांत वंशद्वेषी शेरे आणि बळाच्या वापराची फुशारकी आढळली. ते उजेडात येण्यासाठी एका माणसाला मार खावा लागला, त्याचे चित्रीकरण व्हावे लागले आणि आयोग बसवावा लागला.

पोलिसांची बाजू

असे असले तरी पोलिसांचे म्हणणे पोकळ आहे असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांचा पहिला मुद्दा खासगी जीवनाचा आहे. रेडिओवर माणसाचे नाव, जन्मतारीख, वाहनाचा क्रमांक, पूर्वीच्या गुन्ह्यांची नोंद उच्चारली जाते. अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रीचा पत्ता, आत्महत्येच्या प्रयत्नात असलेल्या तरुणाची अवस्था, घरात एकट्या असलेल्या मुलाची माहिती हे सारे हवेवर जाते. शेजारचा हौशी श्रोता ऐकत होता तोवर हे एकवेळ चालून गेले. पण आता तेच बोलणे जगभर ऐकू जाते आणि साठवूनही ठेवता येते. कॅलिफोर्निया राज्याच्या न्याय खात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये सर्व पोलीस दलांना अशी माहिती सुरक्षित ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. चोरालाही स्कॅनर विकत घेता येतो. जुन्या यंत्रणेवर बाहेरचा माणूस घुसून बोलू शकतो, आणि २०२० च्या निदर्शनांच्या वेळी असे उपद्रव झाले. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमधील स्फोटानंतर संशयितांचा शोध चालू असताना असंख्य लोक पोलिसांचा रेडिओ ऐकून जे कानी पडेल ते जगाला कळवीत सुटले. आमच्या हालचाली जाहीर करू नका, अशी विनवणी पोलिसांना करावी लागली. अर्धवट ऐकलेल्या शब्दांवरून निरपराध माणसांकडे बोटे दाखवली गेली.

आपणा महाराष्ट्रीयांना तर हा धोका पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. २६ नोव्हेंबर २००८ नंतरचे ते तीन दिवस आपण सारे दूरचित्रवाणीसमोर खिळून बसलो होतो. कमांडो कोठे उतरत आहेत हे जसे आपल्याला दिसत होते, तसेच ते सीमेपलीकडे बसून दूरध्वनीवरून हल्लेखोरांना सूचना देणाऱ्यांनाही दिसत होते. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वृत्तवाहिन्यांच्या या वर्तनावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास मनाई झाली. ती योग्यच होती. चालू चकमकीचा बेत जगजाहीर करणे हा नागरिकांचा हक्क असूच शकत नाही.

नंतर मिळणारे सत्य

मग पोलिसांचे संभाषण बंद करावे आणि आवश्यक तेव्हा, कारवाई आटोपल्यावर, नोंदी मागवाव्यात, असा मार्ग कोणी सुचवील. वरवर पाहता तो निर्दोष वाटतो. परंतु नंतर मिळणारे सत्य किती नंतर मिळते, कोणाला मिळते आणि किती श्रमाने मिळते, हे पाहिले पाहिजे.

टेक्सास राज्यातील युवाल्डी या गावी २४ मे २०२२ रोजी एका शाळेत शिरलेल्या बंदूकधाऱ्याने १९ मुले आणि २ शिक्षिका यांचे प्राण घेतले. पोलीस धाडसाने गोळीबाराच्या दिशेने धावून गेले आणि त्यामुळे अनर्थ टळला, असे गव्हर्नरांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. पुढच्या दोन-तीन दिवसांत आपली दिशाभूल झाली असे त्यांनाच जाहीर करावे लागले. एकूण ३७६ पोलीस व अधिकारी घटनास्थळी पोहोचले होते; पण पहिले पोलीस आत शिरल्यापासून हल्लेखोराचा शेवट होईपर्यंत ७७ मिनिटे लोटली होती. नगर प्रशासनाकडील ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती मिळवण्यासाठी वृत्तसंस्थांना न्यायालयात जावे लागले आणि त्या हाती पडल्या ऑगस्ट २०२४ मध्ये. मुले गमावलेल्या आईबापांनी दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली. पोलिसांचा रेडिओ बंद असल्याचा हा परिणाम होता, असे मला म्हणायचे नाही. आपल्या कामाचा पहिला वृत्तांत देणारी यंत्रणा स्वतःच असली म्हणजे काय होते, एवढेच यावरून ध्यानात घ्यावे.

मुंबईचा अनुभव याहून निराळा नाही. त्या काळरात्री कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी धारातीर्थी पडले. ते तेथे कसे पोहोचले, त्यांनी मदत केव्हा मागितली, नियंत्रण कक्षाने तिला काय प्रतिसाद दिला, हे प्रश्न श्रीमती विनीता कामटे यांनी विचारले. त्यांची उत्तरे हवेत विरून गेलेल्या त्या बिनतारी संभाषणात होती. माहितीच्या अधिकाराचा आधार घेऊन त्यांनी नियंत्रण कक्षाच्या संदेशांची नोंद मिळवली आणि तिच्या आधारे २००९ मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक सहलेखिकेसह प्रसिद्ध केले. त्यातील निष्कर्षांविषयी वाद झाला. संबंधित अधिकाऱ्यांनी ते अमान्य केले, आपली बाजू मांडली. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु शहीद अधिकाऱ्याच्या सुविद्य पत्नीला आपल्या पतीच्या अखेरच्या तासाचा वृत्तांत मिळवण्यासाठी त्याच्याच खात्याकडे अर्ज करावे लागले, ही वस्तुस्थिती विसरता येत नाही. जिच्यामागे नाव नाही, पुढे वर्तमानपत्रे नाहीत आणि कायद्याची माहिती नाही, अशा एखाद्या हवालदाराच्या विधवेने काय केले असते?

एकाच रात्रीने आपल्याला असे दोन धडे दिले. चालू चकमक जगाला दाखवण्याने माणसे मरू शकतात, हा एक. चकमकीची नोंद खात्याच्या कपाटात राहिली तर मेलेल्यांना न्याय मिळत नाही, हा दुसरा. पहिल्या धड्यावरून आपण नियम केला. दुसऱ्यावरून काही केल्याचे दिसत नाही. उलट वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील वैयक्तिक माहितीविषयीचा अपवाद अधिकच रुंद केला. कॅलिफोर्नियात आणि दिल्लीत कारण एकच सांगितले गेले: खासगी जीवनाचे रक्षण. कारण खरे आहे. परंतु पीडितेचे नाव झाकण्यासाठी विणलेल्या पांघरुणाखाली अधिकाऱ्याची दिरंगाईही झाकली जाते, तेव्हा ते पांघरूण कोणासाठी विणले होते असा संशय येतो.

मधला मार्ग

सर्व उघडे किंवा सर्व बंद, असे दोनच पर्याय आहेत काय? कॅलिफोर्नियातीलच अनुभव याचे उत्तर देतो. न्याय खात्याच्या आदेशात दोन वाटा होत्या: संभाषण संकेतबद्ध करा, किंवा वैयक्तिक माहिती उघडपणे न उच्चारण्याची शिस्त लावा. पालो आल्टो शहराच्या पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये पहिली वाट धरली. नागरिकांनी आणि नगर परिषदेने प्रश्न विचारले, पोलीस प्रमुख बदलले आणि २०२२ मध्ये नव्या प्रमुखांनी ती सोडून दुसरी धरली. घटनेचा प्रकार आणि स्थळ खुल्या लहरीवर सांगायचे. नाव, परवाना क्रमांक यांसारखी माहिती दूरध्वनीने किंवा मोटारीतील संगणकावरून कळवायची. शहर पूर्वीइतकेच सुरक्षित राहिले. राज्यभर महामार्गांवर गस्त घालणाऱ्या दलानेही याच प्रकारची शिस्त स्वीकारून आपले संभाषण खुले ठेवले. एवढ्या मोठ्या दलाला जे जमते ते शहरांना अशक्य आहे, हे म्हणणे पटण्यासारखे नाही.

उशिरा ऐकवण्याची शिकागोची पद्धत ही तडजोड आहे. पण आग लागलेल्या इमारतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला अर्ध्या तासापूर्वीचा संदेश निरुपयोगी असतो. केवळ मान्यताप्राप्त पत्रकारांना किल्ली द्यावी, असाही उपाय पुढे आला आहे. कोलोरॅडो राज्याने २०२१ मध्ये कायदा करून संभाषण बंद करणाऱ्या दलांनी वृत्तसंस्थांसाठी धोरण आखावे असे बंधन घातले. न्यूयॉर्कच्या विधिमंडळातही पत्रकार आणि आपत्कालीन सेवा यांच्यासाठी विधेयक मांडले गेले. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. परंतु पत्रकार कोण हे ठरवणार कोण? डेन्व्हरमध्ये पोलिसांनी पुढे केलेल्या कराराच्या अटी वृत्तसंस्थांनी नाकारल्या आणि त्यांच्या हाती काहीच आले नाही. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याकडूनच चष्मा मागून घेण्याचा हा प्रकार. न आवडणारी बातमी छापणाऱ्याची किल्ली उद्या काढून घेतली जाणार नाही, याची हमी त्यात नाही.

माझ्या मते या वादातून तीन सूत्रे निघतात. नित्याची गस्त आणि मदतीच्या हाका यांचे संभाषण खुले असावे. गुप्त तपास आणि सशस्त्र चकमक यांच्या लहरी बंद असाव्यात. जे बंद असेल त्याचे ध्वनिमुद्रण पोलिसांबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडे आपोआप जमा व्हावे आणि ठरावीक मुदतीनंतर, पीडितांची नावे वगळून, अर्जाविना प्रसिद्ध व्हावे. आणि कुलूप लावण्याचा निर्णय खरेदीच्या फाइलीवर न होता लोकप्रतिनिधींच्या सभागृहात, आधी चर्चा करून व्हावा. यांपैकी पहिले सूत्र आपल्याकडे उद्याच अमलात येईल अशी आशा मी बाळगत नाही. त्यामागे अमेरिकेसारखी परंपरा नाही. दुसरे मात्र आपल्याला आजही पेलण्यासारखे आहे. त्यासाठी नवे तंत्रही लागत नाही. नियंत्रण कक्षातील नोंद ठरावीक मुदत जपून ठेवावी आणि मोठ्या दुर्घटनेनंतर ती मागण्याची वेळ कोणा कुटुंबावर येऊ देऊ नये, एवढा नियम पुरे आहे.

पोलिसांवर अविश्वास दाखवण्यासाठी हे लिहिलेले नाही. रंगभवन गल्लीत जे पडले ते पोलीसच होते, आणि त्यांच्या अखेरच्या तासाचा साक्षीदार ती बिनतारी नोंदच होती. खुल्या नोंदीचे भय ज्याने काम केले नाही त्याला असते. ज्याने केले त्याचा तोच पुरावा असतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी रेडिओला कुलूप घातले तेव्हा आपल्याच चांगल्या शिपायाचा हा साक्षीदारही आत कोंडला गेला, हे त्यांच्या ध्यानी आले आहे की नाही, ठाऊक नाही. निदान आपण तरी ते ध्यानी घ्यावे.